वेगळा शब्द

बसच्या रांगेत पुढे एक पाट्या रंगवणारा आणि त्याची बायको उभी होती. मागे उभ्या शिंपीणबाईचे कान त्यांच्याकडेच.

"अहो, कालच्या पाटीवर ‘सेपरेट’चं स्पेलिंग चुकलंय. पी नंतर ए हवा, तुम्ही ई काढलात. लोक हसतील तुम्हाला."

"जन्म गेला माझा पाट्या रंगवण्यात! आणि इंग्रजी वाचताना अडखळणारी तू मला शिकवणार?"

"एवढा एक शब्द पाठ झालाय."

"कुणी शिकवला?"

"वकीलबाईंच्या कागदांवर रोज बघतेय."

"वकीलबाई? त्या कशाला?"

"मला वेगळं राहायचंय."

शिंपीणबाईने मान दुसरीकडे वळवली. तेवढ्यात बस आली.

"चढ गं... चढ आधी. घरी बोलू."

"तुम्ही जा. माझी बस मागून येतेय."