लेसिएलीने न मागितलेलं मागणं

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपले व्यापारमंत्री माननीय फेलेती मोआला. दक्षिणेकडच्या आपल्या थोरल्या शेजारी देशाचे राजदूत श्रीयुत डग्लस हार्विन. ज्यांच्या प्रार्थनेने सभेला सुरुवात झाली ते आदरणीय पाद्रीबाबा. ज्यांच्यासाठी आपण जमलो ते आरोग्य सचिव श्री. पेनिसिमानी वाईओलेती, पुढे चटईवर बसलेल्या त्यांच्या थोरल्या भगिनी लेसिएली, ज्यांचं नाव आपल्या रिवाजाने मी सर्वांत आधी घ्यायला हवं होतं, पण कार्यक्रमपत्रिका मंत्रालयाने छापली आहे, आणि जमलेल्या सर्व आप्तेष्टांनो, आपणा सर्वांना माझं, डॉक्टर कालोलाइनचं, सविनय अभिवादन.

मी शल्यचिकित्सक. माझा धंदा कापण्याचा, बोलण्याचा नाही. तेव्हा जिभेने कुठे कापलं तर ती हाताची सवय समजा.

राजदूतसाहेब आले याचा मला विशेष आनंद आहे. ज्या माणसाला आपणच घरी बसवलं, त्याच्या निरोपाला स्वतः येऊन पहिल्या रांगेत बसायचं, गळ्यात फुलांची माळ घालून घ्यायची आणि मंद हसायचं, याला मोठ्या देशाचं मन लागतं. आम्हा लहान लोकांना ते जमत नाही. आम्हाला लाज वाटते.

अध्यक्षमहाराजांनी आत्ताच सांगितलं की पेनिसिमानी हे 'शांत आणि सहकार्य करणारे अधिकारी' होते. शांत होते, हे मी शपथेवर सांगेन. सहकार्याचं काय झालं, तेवढंच मला सांगायचं आहे.

पेनी आणि मी एकाच बोटीतून परदेशी शिकायला गेलो आणि एकाच बोटीतून परत आलो. तो औषधाकडे वळला, मी सुरीकडे. पुढे तो सचिव झाला, तरी रविवारी चर्च सुटलं की चर्चसाठी कमरेला गुंडाळलेली मानाची चटईसुद्धा न सोडता तो माझ्या वॉर्डात यायचा. माझ्या वॉर्डात काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. पाय असतात. साखरेच्या आजाराने काळे पडलेले, सडलेले, उशिरा आणलेले. पेनी खाटेखाटेपाशी थांबायचा, नाव विचारायचा, गाव विचारायचा. एका रविवारी त्याला एका खाटेवर नाव विचारावं लागलं नाही. तो लूपेनी होता, लेसिएलीचा नवरा. उत्तरेच्या खाडीत त्याच्यासारखं जाळं टाकणारा कोणी नव्हता. मी त्याचा पाय गुडघ्याखाली कापला. पेनी शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर भिंतीला टेकून उभा होता. मी बाहेर आले तेव्हा तो मला एवढंच म्हणाला, "कालो, आपण दोघं दाराच्या चुकीच्या बाजूला काम करतोय."

त्याच आठवड्यात त्याने सिपीवर बंदी घालणारा नियम लिहायला घेतला.

सिपी म्हणजे काय, हे या सभागृहात कुणाला सांगायला नको. जिथून ती येते, त्या राजदूतसाहेबांच्या देशात मात्र सांगावं लागतं. मी तिकडे शिकत असताना घरमालकीण बाईंना विचारलं होतं, मेंढीच्या पोटाखालची ही चरबीची पट्टी तुम्ही कशी शिजवता? बाई चमकल्या. म्हणाल्या, "शिजवायची कशाला, पोरी? ती आम्ही कुत्र्याला घालतो." तीच पट्टी गोठवून, खोक्यांत भरून आपल्या बंदरात उतरते, आणि आपल्याकडे तिच्यावाचून लग्न लागत नाही की मयत उचलली जात नाही. अळूच्या पानात बांधायची, नारळाचं दूध ओतायचं, जमिनीतल्या भट्टीत पुरायची. चव लागते, नाही कोण म्हणतं? चरबीला चव असतेच. आणि मासळीपेक्षा स्वस्त. समुद्राच्या मधोमध राहणाऱ्या माणसाला मासळी परवडू नये, ही किमया साधायलाही अक्कल लागते बरं का.

मंत्रिमंडळाने नियम मंजूर केला. एकमताने. मोआलासाहेबांनी तर त्या दिवशी भाषणही केलं. सार्वभौमत्व हा शब्द त्यांनी इतक्या प्रेमाने उच्चारला की तो त्यांनी नुकताच विकत आणला असावा असं वाटलं.

दोन-तीन दिवसांनी राजदूतसाहेब पेनीकडे चहाला आले. पेनीनेच मला हे सांगितलं, त्यामुळे चूक असेल तर साहेबांनी इथेच दुरुस्त करावं. साहेब म्हणाले, "तुमच्या निर्णयाचा आम्हाला पूर्ण आदर आहे." मंडळी, ज्याला तुमचा निर्णय बदलायचा नसतो तो आदराबिदराच्या गोष्टी करत नाही, तो चहा पिऊन जातो. साहेबांनी चहा अर्धा ठेवला. हवापाण्याच्या गोष्टी केल्या. जाता जाता म्हणाले, यंदा आमच्याकडे फळबागांचा हंगाम चांगला आहे, तुमची मुलं नेहमीप्रमाणे येतीलच ना?

मग काय झालं? काहीच झालं नाही. तेच तर सांगते आहे. फळं तोडायला जाणाऱ्या मुलांच्या व्हिशाचे अर्ज गेले आणि तिकडे पडून राहिले. कोणी नाही म्हटलं नाही. विचारलं तर उत्तर यायचं, तपासणी चालू आहे. आपले अळूचे गड्डे घेऊन बोट गेली, ती त्यांच्या बंदरात अडकली, कारण गड्ड्यांत एक किडा सापडला. माझ्या आजीच्या आजीपासून आपण अळू पिकवतो, इतकी वर्षं तो किडा कुठे होता कोण जाणे. बहुधा व्हिशाच्याच रांगेत उभा असेल. गड्डे बंदरात कुजले. या दोन गोष्टींचा सिपीशी संबंध आहे असं एका तरी माणसाने एका तरी शब्दाने म्हटलं का? छे. मोठ्या शेजाऱ्याला आपल्याकडे सैन्य पाठवावं लागत नाही. एका टेबलावर एक कागद पडू द्यायचा. पुढचं काम आपणच आपल्या हातांनी करतो.

आणि आपण ते केलं. मी पाहुण्यांनाच बोलते असं कोणाला वाटायला नको, म्हणून सांगते. चर्चमध्ये पेनीच्या बाकावर कोणी बसेनासं झालं. कावाची मुळी घोटून प्यायच्या बैठकीत त्याच्याकडे वाटी यायची ती सगळ्यांत शेवटी, तळाचा गाळ घेऊन. बाजारात अळू विकणारी एक बाई त्याला भरबाजारात म्हणाली, "सचिवसाहेब, पोरांना आज काय घालू? तुमचा नियम उकडू का?" लोक हसले. हसणाऱ्यांतले काही आज इथे बसलेले मला दिसताहेत, गळ्यात माळा घालून. असू दे. ज्यांची पोरं अडकली होती त्यांचा मला राग नाही. ज्यांना ती कोणी अडकवली हे माहीत होतं आणि तरी जे गप्प राहिले, त्यांच्याबद्दल बोलते आहे. मोआलासाहेब, पाणी हवंय का तुम्हाला? द्या रे कोणीतरी.

पेनी हलला नाही. तेव्हा राजदूतसाहेबांनी जे केलं त्याला मात्र मी दाद देते, कारण त्यासाठी आपला अभ्यास करावा लागतो. ते लेसिएलीच्या घरी गेले.

आपल्याकडे भाऊ बहिणीसमोर पाय पसरत नाही, तिच्यासमोर थट्टा करत नाही, ती खोलीत आली की दाराशी सरकून बसतो, आणि तिने मागितलं तर नाही म्हणत नाही. मंत्री झाला तरी, सचिव झाला तरी. हे साहेबांना पक्कं ठाऊक होतं. आपल्या शाळेतल्या पोरांनी इतका अभ्यास केला तर बरं होईल. जाताना त्यांनी लूपेनीसाठी एक चाकाची खुर्ची नेली. नवीकोरी, पाठीवर त्यांच्या देशाचा झेंडा चिकटवलेला. आधी सिपी, मग खुर्ची. गिऱ्हाईक सोडायचं नाही, हा व्यापारातला मोठा गुण आहे.

लेसिएलीचा मुलगा हेफा, त्याचाही अर्ज त्या ढिगात होता. बाप खाटेवर, घरात मिळवणारा तो एकटा. साहेबांनी तिला म्हटलं, तुमच्या भावाशी तुम्ही एकदा बोललात तर सगळ्यांच्याच मुलांचं भलं होईल. तिने त्यांना पपई कापून दिली आणि म्हणाली, "बोलते."

दुसऱ्या दिवशी ती लूपेनीच्या जखमेसाठी पट्ट्या न्यायला माझ्याकडे आली होती. परतताना म्हणाली, कालो, मला पेनीकडे सोड. मीच गाडी चालवत होते, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. गावाला वास लागलाच होता. पेनीच्या कुंपणाबाहेर माणसं जमली होती, काही हेफाच्या वयाची, बॅगा भरून तयार. त्यांनी तिला वाट करून दिली. आता काम होणार हे त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं.

ती आत जाऊन चटईवर बसली. पेनी दाराशी बसला, मान खाली घालून. मग तो म्हणाला, "ताई, बोल. तू सांगशील ते मी करीन."

लेसिएली म्हणाली, "माहीत आहे मला. म्हणून तर त्या गोऱ्या माणसाने माझ्या दारात खुर्ची आणून ठेवली." मग म्हणाली, "मी मागितलं तर तुला द्यावंच लागेल, पेनी. म्हणून मी मागणार नाही. चहा टाक."

पेनी रडला. बहिणीसमोर भावाने रडू नये, तोही रिवाज आहे, पण त्या दिवशी कोणी तो पाळला नाही. आम्ही चहा प्यायलो. ती बाहेर आली तेव्हा कुंपणापाशी एकाने विचारलं, मावशी, काय ठरलं? ती म्हणाली, "माझ्या भावाने जे ठरवलं होतं तेच." त्या संध्याकाळपासून तिच्याशीही गावाने बोलणं टाकलं. हेफा त्या हंगामात गेला नाही. घरची डुकरं विकून त्यांनी दिवस काढले.

जो नियम बहीण मोडू शकली असती पण तिने मोडला नाही, तो मंत्र्याने मागे घेतला. पेनीला न विचारता, रेडिओवरून. जनहितार्थ फेरविचार, असं काहीतरी नाव होतं त्या प्रकाराला. मोआलासाहेब म्हणाले की मोठ्याच्या शेजारी राहायचं तर कधी कधी पाऊल मागे घ्यावं लागतं. त्यांनी घेतलं. त्यांना पाऊल आहे, ते घेऊ शकतात. माझ्या वॉर्डातल्यांना ती सोय नाही.

त्याच आठवड्यात अर्जांची तपासणी संपली. किडाही वारला, नैसर्गिक मरणाने असावा. सिपीची खोकी बंदरात उतरली आणि पेनीला नियोजन सल्लागार करून एका खोलीत बसवलं, जिथे नियोजन नव्हतं आणि सल्ला मागायला कोणी येत नव्हतं. नावाला सचिव तोच राहिला. आज मुदतीआधी तो निवृत्त होतो आहे आणि आपण सगळे त्याच्या शांत स्वभावाचं कौतुक करतो आहोत.

लूपेनीचा दुसरा पायही गेला. तोही मीच कापला. त्यातून तो वाचला नाही. त्या खुर्चीत तो फारसा बसलाच नाही; झेंडा पाठीला टोचतो म्हणायचा.

इथे थांबले असते तर मंत्रालयाला बरं वाटलं असतं. पण मागच्या हिवाळ्यात पेनीच्या मुलीचं लग्न झालं, आणि भावाच्या मुलीच्या लग्नात आत्याचा मान काय असतो हे तुम्हाला मी सांगायला नको. सगळ्यांत उंच चटई तिची, पहिला घास तिचा, आणि त्या मांडवात शब्द चालतो तोही तिचाच. सकाळी भट्ट्या पेटल्या होत्या. तेवढ्यात मंत्रिमहोदयांचा ट्रक आला, आहेर घेऊन. सिपीची खोकी, वर रिबीन बांधलेली. लेसिएली उठून फाटकाशी गेली. ड्रायव्हरला म्हणाली, "हे आत येणार नाही."

तो बिचारा गोंधळला. म्हणाला, "मावशी, मंत्र्यांनी पाठवलंय. मी कुठे नेऊ?"

"ज्यांनी पाठवलं त्यांच्या घरीही जेवणारी माणसं असतील. तिकडे ने."

ट्रक वळला. मांडवात कोणी हूं की चूं केलं नाही, करणारच कोण? त्या दिवशी लोक मासे जेवले, रताळी जेवले, काही कुरकुरले, आणि पोटभर जेवले. पुढच्याच महिन्यात दुसऱ्या गावातल्या एका आत्याने आपल्या भाचीच्या लग्नात तेच केलं. मग आणखी एकीने. हेफाचं लग्न ठरलं तेव्हा लूपेनीच्या बहिणीने तर आठवडाभर आधीच निरोप पाठवला, खोकी आणू नका. पत्रकं नाहीत, नियम नाही, मंत्रिमंडळ नाही. राजदूतसाहेब, तुम्ही आता कोणाकडे चहाला जाणार? या देशात आत्या पुष्कळ आहेत, आणि त्यांपैकी एकीलाही फळं तोडायला जायचं नाही.

पेनी, तुझा नियम हरला, हे मी तुला खोटं सांगणार नाही. बोटी अजून येतात, माझ्या वॉर्डात खाटा अजून भरलेल्या आहेत. पण तू दाराच्या ज्या बाजूला उभा राहिलास तिथे आता तुझ्या मागे माणसं आहेत. त्यांना तुझं नावही माहीत नसेल. तुला ते चालेल, हे मला माहीत आहे.

मला बोलू दिल्याबद्दल संयोजकांचे आभार; पुढच्या वेळी ते अधिक सावध राहतील. पाद्रीबाबांचे आभार, मधे खोकले नाहीत म्हणून. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पेनीने आणि लेसिएलीने क्षमा करावी. मंचावरच्या इतरांच्या बाबतीत माझ्याकडून काही चूक झाली असं मला वाटत नाही.

जेवण तयार आहे. इतक्या समारंभांत मी राजदूतसाहेबांना पाहत आले, ताटातली सिपी ते नेहमी अळूच्या पानाखाली सरकवून ठेवतात. साहेब, आज निर्धास्त जेवा. स्वयंपाक लेसिएलीने केला आहे.