आता वळण येतंय

हॅलो?… कोण?… अगं ठमे, तू होय! थांब, गॅसवर दूध आहे…

हं, बोल. आणि ‘आत्या, बिझी आहेस का’ हे काय नवीन? रिटायर झालेली डॉक्टर कसली बिझी? पेपरातलं कोडं घेऊन बसले होते.

…काय? आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय? मग इतके दिवस काय झोपली होतीस?… बरं, बरं, नाही बोलत. नीट सांग मला. मेडिकलला अर्ज पुढच्या वर्षी, हे पक्कं. मधलं वर्ष कुठे घालवायचं, एवढंच ना?… हं. एक ती प्रयोगशाळा… हो, तुझ्या बाबाची लाडकी. अर्जात उठून दिसते म्हणे. आणि दुसरं?… हॉस्पिटलात? स्ट्रेचर ढकलायचं?

…नाही गं, तुला हसत नाहीये. मीही वर्षभर तेच केलंय… अगं खरंच. विचार तुझ्या बाबाला. शाळेत होता तेव्हा. सगळ्या मित्रांना सांगायचा, आमची ताई हॉस्पिटलात ड्रायव्हर आहे.

काय दिवस होते, ठमे… नाही, फिरवत नाहीये, ऐक ना. आम्हाला शिकवायला एक बाई होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी मला स्ट्रेचरवर आडवं केलं आणि हॉस्पिटलभर फिरवून आणलं… कशाला म्हणजे? छत बघायला. वर नुसते दिवे पळतात, लोकांच्या हनुवट्या दिसतात, आणि सगळे तुझ्या अंगावरून एकमेकांशी बोलतात. लिफ्टच्या उंबऱ्यावर असा दणका बसला, की ओरडलेच मी. आणि मला तर काही झालेलंही नव्हतं.

त्या दिवसापासून मी सांगत जायचे. ‘आता वळण येतंय हं. आता लिफ्ट, जरा धक्का बसेल’… हो, तेच. तुझा कान साफ करतानाही ‘आता गार लागेल’ म्हणायचे, ते तिथलंच. खोड लागली ती लागली.

…असे खूप. एक शिंपीकाका होते. ऑपरेशनला नेत होते मी त्यांना. माणूस घाबरेल, देवाचं नाव घेईल… ते आपले माझ्या कोटाच्या खांद्याकडे बघतायत. म्हणाले, पोरी, ही शिवण कुणी मारली? बरा झालो की उसवून नीट करून देतो…

…नाही गं. परत आणायला मी गेलेच नाही. दुसऱ्याच कुणाला पाठवलं, खाली शवागारात न्यायला… हो… तो कोट मी वर्षभर तसाच घातला. शिवायला दिलाच नाही कुणाला. अजून आठवतात ते. खूप आठवतात.

…हॅलो? ऐकतेयस ना?

काय? तिसरं काय आता?… माझ्याकडे? वर्षभर?… आणि माझ्या गुडघ्याचं तुला कुणी सांगितलं?… तुझ्या बापाच्या पोटात एक गोष्ट राहील तर शपथ. पुढच्या महिन्यात आहे ऑपरेशन, म्हणून काय झालं? अर्जात काय लिहिशील, अनुभव: आत्याचा गुडघा?

…हसू नकोस, मी गंभीर आहे. अगं, तू आलीस तर मला हवंच आहे. खोटं कशाला बोलू? संध्याकाळी घर खायला उठतं. तू शाळेत असताना इथे राहायचीस, तुझे मोजे अजून कपाटात आहेत. टाकवत नाहीत… पण नको… नको म्हटलं ना. माझं तू करशील ते मायेपोटी. ज्याने तुला कधी कडेवर घेतलं नाही, त्याचं करून बघ. नाही जमलं तर तेही कळू दे. आत्ताच कळलेलं बरं.

…काय म्हणालीस? जरा मोठ्यानं बोल.

…हां. आता खरं बोललीस. भीती वाटते. म्हणजे माझ्या गुडघ्यामागे लपतेयस होय… रागावत नाही गं. मला काय कमी वाटायची? जिन्यात बसून रडायचे, तोंड धुवायचे, की पुढचा पेशंट.

…मग? प्रयोगशाळा?… नाही?… नक्की? माझ्यासाठी म्हणून हो म्हणू नकोस हं… बरं. मग त्यांना लाव फोन. बाबाला नंतर सांग. मी बघते त्याच्याकडे.

…मला? मला ऑपरेशनला कोण नेणार म्हणजे? असेल की तिथली कुणीतरी स्ट्रेचर ढकलणारी. तीही कुणाची तरी भाचीच असेल… हो. वळणाआधी सांगितलं तिनं, तर बरं वाटेल मला. नाही सांगितलं, तर आडवी पडून मीच शिकवीन तिला.

…रडतेस काय वेडे? रड, पण आधी फोन लाव… हो… हो, मलाही… तू ठेवायची नाहीस, मला माहितेय. मीच ठेवते.