छातीचं दाखवाले आनली होती

नाही काका, सरकू नका, पुरते जागा — मी काई बसाले नाही आलो, दोनच्या बसनं भीमपूरले जातो, बायकोले घेऊन. आत खाटेवर पडली हाये ती, चंद्रभागा. डॉक्टरीन म्हन्ते ठेवा, मी म्हन्तो नेतो. या फिनाईलच्या वासानं डोकं उठलं माहं — अन त्याच्याहून जास्त त्या डॉक्टरनीच्या बोलन्यानं. तुमीच सांगा, बायकोले कायले आनलं मी? छातीत दुखते म्हनून. काल कापूस वेचता वेचता खाली बसली, घामानं लुगडं ओलं, डावा हात धरलेला. बाया म्हनल्या गॅस हाये, सोडा पाजा. पाजला. थांबलं नाही, मंग आनलं. अन ही डॉक्टरीन — पोरगीच हाये, तेलगूवाली, मराठी येत नाही — तिनं छातीले तारा लावल्या, कागद काढला, अन मले इचारते काय? ‘ये हँसती क्या?’

आता हे काय इचारनं झालं. छातीचा अन हसन्याचा काय संबंध? ‘नींद आती? खाना खाती? घर में किससे बात करती?’ मी काय तिचे घास मोजत बसतो? आमी जेवून उठलो का बाया बसतात, खात असन काईतरी. हात सुकले तिचे, तं बायांचे सुकतातच. मंग म्हन्ते, मन असं सालभर बुडालेलं राह्यलं का काळजावर येते, बायाइले तं जास्तच धोका, अन त्याइचं कोनी पाहत नाही — दुखलं तं गॅस, रडली तं नाटकं. असं बोलली, माह्या तोंडावर. दुःख काय मलेरिया हाये, का मच्छर चावला अन अंगात शिरलं? किळस येते मले या शिकलेल्याइची.

अन दुःख कायचं तिले? मारत नाही, दारू पेत नाही. टीव्ही आनला तिच्यासाठी, निर्मलहून, डोक्यावर धरून आनला बसमधून — सारं गाव पाहाले येते, अन ही भिंतीकडं तोंड करून बसते. केस इंचरत नाही, जवळ गेलं का वास येते. पहिले अशी नव्हती, खोटं काऊन बोलू. वेचनीत हिच्या बाजूचं तास, कपाशीची ओळ, धरासाठी बाया भांडत, एवढी हासवे. सासऱ्याची नक्कल करे — माह्या बापाची, अन बाप मांगून ऐके, तोही हासे.

एक पोरगी होती आमाले. चार वर्साची. गोवर आला अन गेली. कोनाची जात नाही? लहान लेकराले जाळत नाहीत, तिले आमच्याच वावरात पुरली, धुऱ्यावर. माय म्हन्ली, आता घरात तिचं नाव नाही काढाचं, नाव काढलं का दुसरं लेकरू ठरत नाही. नाही काढलं कोनी. हिनं मातर ऐकलं नाही — काम सोडून त्या धुऱ्यावर जाऊन बसे. दगड मांडले होते, त्याइच्याशी बोले. लोकं पाह्यतात ना काका. येनारा जानारा मले म्हने, तुही बायको बांधाशी काय बोलते रे. दोनदा हाताले धरून आनली. मंग मी म्हन्लं, जागाच नाही राह्यली तं बसन कुठं? धुराच मोडला. दगड फेकले नाल्यात, नांगर घातला, अन तिथं कपाशी लावली.

तिच्या चांगल्यासाठीच ना. रडली नाही हो ती, आरडली नाही, नुसती उभी राह्यली छातीवर हात ठेवून. मले वाटलं, सुटली एकदाची. तवापासून बायाइजवळ म्हने दुखते, पन तवा कोन मानते — मी म्हन्लं राग हाये, जाईन. कपाशी बाकी चांगली आली तिथं. काल वेचत होती ना, तेच तास —

तुमी असे काऊन पाह्यता?

ओ सिस्टर, झालं का? कपडे घालाले सांगा तिले, बस चुकन. काय? कोन नाही येत? — ती म्हन्ते? चंद्रभागा? नाही, डॉक्टरनीनं शिकोलं असन. ती बोलतच नाही सिस्टर, माह्यासंग सालभरात बोलली नाही. सोताच्या तोंडानं म्हन्ली? काय म्हन्ली? मले नेमकं सांगा.

‘धुरा मोडनाऱ्याच्या घरी नाही येत’ — असं म्हन्ली?

बरं, राहू द्या मंग तिले इथंच.

तुमी कुठं चालले, काका? जागा हाये. बसा ना — नाही? जा मंग. जा.