मेश्रामकाकांचं दोषांचं रजिस्टर

मंडळी, मागं जे उभे आहेत त्यांनी पुढं या. सतरंजीवर जागा आहे. या, या.

जय भीम. नमस्कार. पाऱ्यातल्या, आपल्या ह्या मोहल्ल्यातल्या, भैया-दीदींना जय जोहार.

माझं नाव वर्षा. शंकर नगरच्या एका सरकारी ऑफिसात मी क्लार्क आहे. मेश्रामकाकांच्या मी नात्यातली नाही, समाजातली नाही, रेल्वेतली तर नाहीच नाही. मग ही बाई काहून बोलून राहिली, असं तुमच्यातल्या काहींच्या मनात आलं असंल. माझ्याही मनात आलं. काल मित्राताईनं, काकांच्या पोरीनं, फोन केला. मी म्हटलं, ताई, मले नाही जमणार. तर म्हणे, "बाबांचं तुमच्याकडे एक काम राहिलं आहे." ह्याच्यापुढं माणूस काय बोलणार? म्हणून उभी आहे. मधातच थांबली, तर थोडं सांभाळून घ्या.

इथं बसलेल्या रेल्वेवाल्यांना काका सिग्नलचे मेश्राम म्हणून माहीत. विहारात येणाऱ्यांना ते पहिल्या रांगेत बसणारे, वेळेवर येणारे मेश्राम म्हणून माहीत. मले ते माहीत आहेत टीव्हीपुढं बसलेले. हसू नका. म्हणजे हसा, काकांना चाललं असतं.

छत्तीसगढ राज्य नवंनवं झालं होतं. गोंदियाहून इथं रायपूरला नोकरीवर आली तेव्हा मी ह्याच पाऱ्यात, काकांच्या घरासमोर, एका खोलीत राहत होती. खोलीत टीव्ही नव्हता. आणि त्या वेळी रविवारी सकाळी 'मेघगढ' लागत होतं. आठवते न सगळ्यांना? उडणारा घोडा, मांत्रिक, राणी हिरण्मयी. अख्खा पारा पाहत होता. मी काकांच्या दारात उभी राहून पाह्यलं दोन रविवार. तिसऱ्या रविवारी काका मान न वळवता म्हणाले, "मॅडम, उभ्यानं पाहण्याचं तिकीट जास्त पडते. आत या."

आत आली, न मग दोन-अडीच वर्षं बाहेर पडलीच नाही. मले शंकर नगरला क्वार्टर मिळालं, तरी रविवारी सकाळी स्कूटी काकांच्याच दारात. सिलतऱ्याच्या प्लांटमधले विनोदभैया यायचे. शेजारची पिंकी यायची, जिला मराठी सगळं समजते पण उत्तर हिंदीतच देते. काका स्वतः पोहे करायचे. काकू आधीच गेल्या होत्या, घरात काका एकटे. मालिका सुरू असताना कोणी बोलायचं नाही, हा त्यांच्या घरचा नियम. कोणी तोंड उघडलं की काका हात वर करायचे, लाल सिग्नल दिल्यासारखा. बोलायचं ते नंतर. आणि नंतर जे बोलायचो आम्ही, ते ऐकून समोरचा किराणावाला म्हणायचा, ह्यांच्याकडे जमिनीची वाटणी चालू आहे का?

भांडण कशावर? चुकांवर. नवव्या भागात मांत्रिकाचा डावा हात तुटला. बाराव्या भागात डाव्या हातात तलवार! तळं शापानं आटलं, न पुढच्याच रविवारी त्याच तळ्यात नाव चालून राहिली! ज्या मांत्रिकाला तिन्ही लोकांतलं दिसते, त्याला पडद्यामागं उभी असलेली दासी काहून दिसत नाही? विनोदभैया म्हणायचे, "टीव्ही आहे, सोडा न काका." काका सोडणाऱ्यातले नव्हते. त्यांनी रजिस्टर उघडलं.

हे पाहा, हे रजिस्टर. मित्राताईनं फोटोपाशी ठेवलं आहे. रेल्वेवाल्यांना सांगायला नको. सिग्नल बिघडला की नोंद होते. काय बिघडलं, कोणी सांगितलं, कारण काय निघालं, दुरुस्ती काय केली. आणि शेवटचा रकाना सहीचा. ती सही दुरुस्त करणाऱ्याची नाही. ज्यानं दोष सांगितला त्याची. मी एकदा विचारलं, काका, असं काहून? तर म्हणाले, "मॅडम, ज्यानं काम केलं तो तर म्हणणारच, झालं म्हणून. ज्याची गाडी थांबली होती त्यानं म्हटलं पाहिजे." अशीच नोंद मेघगढची. विनोदभैयांनी मांत्रिकाच्या हाताचा दोष लिहिला. पिंकीनं कारण दिलं, "अंकल, मांत्रिक है, नया हाथ उगा लिया होगा." तीन रविवार वाद झाला, तेव्हा कुठं विनोदभैयांनी सही केली. सही होईपर्यंत दोष उघडा. काका दर रविवारी पोह्यांच्या आधी उघडे दोष वाचून दाखवायचे. आम्ही पण हजेरी लागल्यासारखे ऐकून घ्यायचो.

आता जे सांगते, ते मित्राताईची परवानगी घेऊन सांगते.

मालिकेत राणीची पोरगी शलाका नदीपलीकडच्या राज्यात निघून जाते. आईला न विचारता तिथंच लग्न करते. आणि राणी काय करते? दर भागात किल्ल्यावर उभी राहते, नदीपलीकडं पाहते, डोळे पुसते. खाली अंगणात उडणारा घोडा उभा! एका उडीत पोचवणारा घोडा! तो आपला हरभरा खाऊन राहिला. एक भाग झाला, दोन झाले, पुरे दहा-बारा भाग झाले. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, काका, लिहा. मोठा दोष आहे. घोडा आहे न राणी जात नाही.

काका म्हणाले, "हा दोष नाही, मॅडम."

"काहून नाही?"

"जाऊ शकत नाही ती."

"कोणी अडवलं तिला?"

काकांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "लाज वाटते माणसाला. आधी राग असते. मग राग जाते, पण इतके दिवस गेलो नाही ह्याची लाज राहते. ती रागापेक्षा जड असते."

किती खरं बोलले होते! पण मले कुठं ऐकायचं होतं? मले जिंकायचं होतं. माझी जीभ कशी आहे, माझ्या ऑफिसातल्यांना विचारा. मी म्हटलं, "काका, तुमच्याच भाषेत सांगते. खिशात पास आहे, फलाटावर गाडी उभी आहे, आणि माणूस चढत नाही. मग एक तर लिहिणारा आळशी, नाही तर त्या बाईला पोरीची मायाच नाही."

मायाच नाही, असं म्हटलं मी.

विनोदभैया खाली पाहायला लागले. पिंकी उठून आत गेली. काकांनी रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं. आवाज अगदी रोजचाच. "लिहा मॅडम. तुमच्या हातानं लिहा." मी लिहिलं. ऐटीत लिहिलं.

बाहेर स्कूटीपाशी विनोदभैया आले. "दीदी, ये क्या बोल दिए आप? तुम्हाले माहीत नाही का? काकांची पोट्टी बिलासपूरले राहते. घरी न सांगता छत्तीसगढी पोट्ट्याशी लग्न केलं तिनं. पाच वर्षं झाले, काका गेले नाही. रिटायर माणूस, रेल्वेचा पास खिशातच राहते त्याइच्या."

रायपूर ते बिलासपूर, मंडळी. पहाटे निघालं तर पोह्यांच्या वेळेला पोचते माणूस.

पाच वर्षांपूर्वी पोरीनं फोनवर सांगितलं तेव्हा काका ओरडले नव्हते. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं मित्राताई म्हणते. ते नुसतं "ठीक आहे" म्हणाले होते. आणि मी, पोह्याची प्लेट हातात घेऊन, त्यांच्याच घरात, त्यांच्या तोंडावर म्हटलं होतं, मायाच नाही.

पुढच्या रविवारी मी गेली नाही. डोकं दुखते म्हटलं. त्याच्या पुढच्या रविवारी पाहुणे आले. मग ऑफिसचं काम निघालं. नवीन राज्य होतं, काम रोजच निघायचं, कारणाला काही तोटा नव्हता. मग मालिका संपली. मग वाटलं, आता कोणत्या तोंडानं जाऊ? महिना झाला होता, मग तीन झाले, मग सात. बाजाराला जाताना काकांची गल्ली लागते. मी स्कूटी दुसऱ्या रस्त्यानं न्यायला लागली. सांगून टाकते आज. लांब पडायचा तो रस्ता, तरी तिकडूनच जायची.

एकदा बाजारात पिंकी भेटली. म्हणे, "दीदी, अंकल रोज पूछते हैं. बोलते हैं, मैडम की साइन बाकी है." मले वाटलं, काका अजून तेच धरून बसले आहेत. मले बोलवून म्हणतील, काटा मॅडम, तुमचा दोष. मी म्हटलं, हव, आऊंगी. आणि गेली नाही.

मागच्या आठवड्यात फोन आला तो विनोदभैयांचा. काका सकाळी चहा घेऊन बसले होते, बसल्या जागीच गेले. मी पोचली, तर दारात एक बाई उभी. डोळे अगदी काकांसारखे. तिनं नाव विचारलं. मी सांगितलं. मले वाटलं, आता ही मले घरात घेणार नाही. तिनं माझा हात धरला न आतून हे रजिस्टर आणून दिलं.

वाचून दाखवते. माझं अक्षर आहे: "दोष. घोडा असून राणी पोरीकडे जात नाही." त्याच्यापुढं काकांचं अक्षर. "कारण: लाज. कारण खरं आहे, पण पुरेसं नाही. दोष मान्य. दुरुस्ती: रविवारी सकाळच्या गाडीनं बिलासपूर."

मंडळी, मी ज्या रविवारी पहिल्यांदा डोकं दुखते म्हटलं न, त्याच रविवारी काका गाडीत बसले होते.

मित्राताई सांगते, दार उघडलं तर बाबा उभे. हातात पिशवी, पिशवीत डब्यात पोहे. माफी मागता येत नाही हो ह्या पिढीला. पाच वर्षांनी पोरीच्या दारात उभं राहून काका काय म्हणाले? "आज तुमच्याकडे टीव्ही लावला का नाही?" तिनं आत घेतलं. उरलेला भाग दोघांनी मिळून पाह्यला. राणी नेहमीसारखी किल्ल्यावर रडून राहिली होती. नात मांडीवर येऊन बसली न म्हणे, नानाजी, ये रानी जाती क्यों नहीं? काका म्हणाले, "जाईल. आमच्या मॅडमनं लिहून दिलं आहे."

त्यानंतर सात महिने, दर पंधरवड्याला, काका बिलासपूरला. आणि आले की पिंकीला विचारायचे, मॅडमची सही?

काकांना माझ्यावर रागवायचं नव्हतं. काम झालं, ते दाखवायचं होतं. ज्याची गाडी थांबली होती त्यानं म्हणावं, झालं, एवढंच पाहिजे होतं. आणि मी? घोडा दारात बांधलेला. पेट्रोल भरलेला. पंधरा मिनिटांचा रस्ता. काका म्हणाले होते, लाज जड असते. मी म्हटलं होतं, असं होतच नाही, ही चूक आहे लिहिणाऱ्याची. मग ती चूक मीच सात महिने जगली.

मित्राताई, पेन आहे का? द्या.

थांबा मंडळी. एक मिनिट.

झाली सही. काका, मेघगढचा तो दोष बंद झाला. तुमची दुरुस्ती पक्की आहे, मी पाहून घेतली. ती समोर बसली आहे, तिच्या पोरीला घेऊन.

आता त्याच्या खाली एक नवी नोंद करते. "दोष: स्कूटी असून वर्षा काकांकडे गेली नाही. कारण: लाज. कारण खरं आहे, पण पुरेसं नाही." दुरुस्तीच्या रकान्यात काय लिहू, ते मले माहीत नाही. आणि सहीचा रकाना काकांचा आहे. ज्याची गाडी थांबली होती, त्याचा. तिथं मी सही करू शकत नाही. मित्राताई, तुम्हीही करू नका. नियम काकांचा आहे. हा दोष उघडाच राहील, आणि दर रविवारी मी तो वाचीन.

तुमच्यापैकी कोणाच्या अंगणात असा घोडा बांधलेला असंल, तर मी काही उपदेश करत नाही. फक्त इथून घरी जाताना नेहमीच्याच रस्त्यानं जा, माझ्यासारखा वळसा घेऊ नका.

आता उठून उभे राहू या. काकांच्या घरी मालिका सुरू असताना कोणी बोलत नव्हतं. तसं, दोन मिनिटं, कोणी बोलायचं नाही. त्यांनी हात वर केला आहे असं समजा.

काका, आली मी. जय भीम.