उरलेला स्क्रू

मी, वय ५२ वर्षे, धंदा चष्म्याचे दुकान, राहणार पाण्याच्या टाकीमागील इमारत, तळमजला, समक्ष ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी आई व पत्नीसह राहतो. आमची गाडी वडिलांची आहे. तिची एक किल्ली माझ्याकडे व दुसरी धाकट्या भावाकडे असते. वडील वारल्यापासून आम्हा भावांचे बोलणे नाही. त्यामागच्या कारणाचा या घटनेशी संबंध नाही. दुसरी किल्ली मी परत मागितली नाही. त्यानेही दिली नाही.

गाडीतला डिस्क प्लेअर काही दिवसांपासून डिस्क अर्धी आत घेऊन बाहेर टाकत होता. मी फ्यूज बदलला. नवी डिस्क घालून पाहिली. लेन्स खराब असेल असे समजून दुकानातले चष्मे पुसण्याचे औषध कापसाच्या काडीने आत फिरवले. फरक पडला नाही. उद्या आईला लांब मावशीकडे न्यायचे आहे. आईला गाडी लागते. गाणी चालू असली तर लागत नाही. ही अडचण पत्नीने तिच्या जावेला सांगितली. दोघी जावा रोज बोलतात, हे मला आज समजले.

आज दुपारी मी दुकानात असताना इमारतीच्या रखवालदाराचा फोन आला की, गाडीत चोर सापडला आहे, त्याचे फक्त पाय बाहेर दिसतात, पोलिसांना कळवले आहे. मी ठाण्यात आलो तेव्हा चोर बाकावर बसला होता. तो माझा भाऊ होता. त्याचे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे.

हवालदारांनी त्याला विचारले, "गाडी उघडण्याआधी भावाला विचारायचं नाही?"

तो म्हणाला, "आम्ही बोलत नाही ना, साहेब."

मी विचारले, "काय बिघडलं होतं?"

तो म्हणाला, "डिस्क ओढणारा रबरी रूळ गुळगुळीत झालाय. त्यावर ट्यूबची पट्टी चढवली."

मी लेन्स साफ केल्याचे सांगितले.

"दादा, डिस्क आत गेली तर लेन्सला दिसणार ना!"

नंतर त्याने मूठ उघडली. मुठीत एक स्क्रू होता. लहानपणी त्याने घरातला रेडिओ खोलला, तेव्हापासून त्याच्या हातून दुरुस्तीत एक स्क्रू उरतो. वडील म्हणत, याच्या डोक्यातलाही एक बाहेरच राहिलाय.

मी विचारले, "हा कुठला?"

तो म्हणाला, "माहीत असतं तर उरला असता का?"

त्याची किल्ली गाडीतच राहिली होती. मी पत्नीला फोन करून डिस्क घालायला सांगितले. डिस्क आत गेली व राहिली. फोनवर गाणे ऐकू आले. मागून आई म्हणाली, "बंद करू नकोस गं."

भावाने गाडी माझ्या संमतीने उघडली आहे. संमती मी आज दिली. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. स्क्रू मुद्देमालात जमा न करता मला परत मिळाला. उद्या भाऊ व भावजय आमच्यासोबत येणार आहेत. वाटेत स्क्रूची जागा सापडण्याची शक्यता आहे.

लिहिलेला जबाब मला वाचून दाखवला. त्यात भावाच्या आधी 'संशयित' असा शब्द पडला होता, तो माझ्या सांगण्यावरून खोडला. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे.