एक ‘हो’, एक ‘नाही’

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. कोर्टाबाहेरच्या बाकावर चोरीचा आरोप असलेला लिफ्टमन, त्याची बायको आणि वकीलबाई तालीम करत होते. निकालाची नक्कल घ्यायला आलेला एक शिंपी शेजारी बसला होता. ऐकायचं नाही म्हटलं तरी त्याचे कान तिकडेच होते.

“काका, समजा मी न्यायाधीश. चौथ्या मजल्यावरची सोनसाखळी चोरल्याचा गुन्हा कबूल आहे?”

“हो साहेब.”

“अहो! काय हे!”

“तोंडातून निघून जातं गं. सव्वीस वर्षं लिफ्टमध्ये दुसरं काय बोललोय?”

“घरी बरं ‘नाही’शिवाय शब्द फुटत नाही!”

“काका, तुम्ही साखळी घेतलीत?”

“आईशप्पथ नाही.”

“मग ऐका. ‘हो’ म्हणालात की साक्षीपुरावा काही नाही, थेट शिक्षा. आधी विचारतील, आरोप समजला का. तिथे ‘हो’. मग विचारतील, कबूल आहे का. तिथे ‘नाही’.”

“एक हो, एक नाही.”

पुकारा झाला.

“तुम्ही व्हा पुढे. मला नाही बघवणार.”

दार लोटलं गेलं. आतून आवाज आला, “हो साहेब.”

बायकोने एक बोट मिटलं. शिंप्यानेही नकळत मिटलं. आत दुसरा प्रश्न विचारला गेला आणि लिफ्टमनने घसा खाकरला.