माघारीची मुदत

मयूर विहारमधल्या दाताच्या दवाखान्यात उल्का नंबराची वाट पाहत होती. शेजारी गालाला रुमाल लावलेले एक गृहस्थ आणि त्यांची बहीण मराठीत बोलत होते.

"उत्तरा, फोन सुरू कर. दाजी काळजीत असतील."

"त्यांनीच बंद ठेवायला सांगितलंय, दादा. नगरसेवकाची माणसं सारखी फोन करतात, उमेदवारीचा अर्ज मागे घ्या म्हणून."

"मग घ्यायचा ना यार! तुमच्या वॉर्डात कायम बिनविरोधच होतं."

"म्हणून तर नळाला पाणी नाही. मत मागायलाच कुणी येत नाही, तर जाब कुणाला विचारणार?"

"आणि दारात गाड्या आणून उभ्या करतात, त्याचं काय?"

"भीती वाटतेच रे. म्हणून तर तुझ्याकडे दिल्लीला पळून आले. माघारीच्या कागदावर सही करायला मी तिथे नकोच."

"उल्काजी, आइए," आतून हाक आली.

"पहले आप जाइए," उल्का समोरच्या बाईंना म्हणाली. तिचे कान शेजारच्या बोलण्याकडे होते.

"आणि हरलीस तर?" भावाने विचारलं.

"हरेन. पण लोक मत देऊन हरवतील. चाळिशी आली, नगरपालिकेसाठी एकदाही मत दिलेलं नाही मी."

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले.

"संपली मुदत!" उत्तराने फोन सुरू केला. तो लगेच वाजला. "अहो, रडताय कशाला?... काय सांगता!" ती भावाकडे वळली. "दादा, शेजारच्या वॉर्डातल्या दोघींनीही अर्ज मागे घेतले नाहीत."

"अच्छा! मग परतीची दोन तिकिटं काढतो."

"दोन कशाला?"

"दारोदार एकटीच फिरणार आहेस का?"